आधी कॉटर काढा, मग गप्पा

आबाजींची काळी हर्क्युलस अकोल्याच्या घरी सपरीत धूळ खात होती. १९४९ साली स्थापन झालेल्या मद्रासच्या टीआय सायकल्सची ही गाडी. अमरावतीचा भाचा म्हणाला, "मामा, भंगारात द्या." मी पाने काढले.

खरी झटापट कॉटरशी. क्रँकला ॲक्सलवर घट्ट धरणारी ही पाचर गंजून बसते. आदल्या रात्री तेल सोडायचं. नट पूर्ण काढायचा नाही, आट्यांच्या टोकाशी येईल इतकाच सैल करायचा. क्रँकखाली जाड लोखंडी नळीचा टेकू, आणि वरून हातोडीचा एकच दणका. भीत भीत टकटक केली की कॉटर वाकते, मग ड्रिलशिवाय सुटका नाही.

डाव्या पायडलचे आटे उलटे. ते घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. छर्रे घासलेटात धुवा, पण वेगवेगळ्या वाट्यांत: मधल्या ॲक्सलचे पाव इंची, पुढच्या चाकाचे ३/१६.

तुमची रॅले असेल तर मधल्या ॲक्सलचे जुने कप टाकू नका. तिचे आटे इंचाला २६, बाजारातले बहुधा २४, बसणारच नाहीत.

आणि मूळ रंग, सोनेरी रेघा शाबूत असतील तर कृपा करून नवा रंग मारू नका.