बारा भोकांतून सुटणारा चेंडू

पोटात दुसरा सुटा चेंडू असलेला हा लाकडी चेंडू पाहणारा पहिल्यांदा एकच विचारतो, आतला चेंडू आत घातला कसा? तो घातलेला नसतोच. एकाच लाकडी गोळ्याला बाहेरून १२ भोकं पाडायची, त्यांतून वाकडं हत्यार सरकवून आत पोखरायचं. सगळ्या भोकांतल्या खाचा आत एकमेकींना पूर्णपणे मिळाल्या की गोळ्याच्या पोटात दुसरा गोळा सुटा होतो. कुठे सांधा नाही, सरस नाही.

मी आयटीआयचा टर्नर. नोकरीभर टूलरूममध्ये लोखंड कातलं, आता घरच्या छोट्या लेथवर लाकूड कातत असतो. लोक हात किती सफाईने चालतो ते बघतात. माझ्या मते या कामाचं खरं मर्म मापात आहे. आतलं काम डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे बाहेरून जे दिसतं ते बिनचूकच हवं.

सुरुवात गोल चेंडूपासून. आधी दंडगोल, मग त्याचे कोपरे उतरवत जायचं. शेवटी चेंडू काटकोनात फिरवून पुन्हा लेथवर धरायचा. फिरताना कडेला जी पुसट सावली दिसते तेवढंच जादा लाकूड, तेवढंच काढायचं. बाजू बदलून सावली नाहीशी होईपर्यंत हेच.

आता बारा भोकांच्या खुणा. चेंडूच्या व्यासाला ०.५२५७ ने गुणून कंपास उघडायचा. ८० मिलिमीटरच्या चेंडूला तो साधारण ४२ मिलिमीटर उघडतो. एका बिंदूवर टोक ठेवून वर्तुळ काढायचं आणि त्याच उघडलेल्या कंपासने त्या वर्तुळावर पावलं टाकायची. पाचवं पाऊल बरोबर पहिल्या खुणेवर पडलं, तर चेंडूचा गोलपणा आणि माप बरोबर समजावं. नाही पडलं, तर पुढे जाऊच नये. मधला एक आणि वर्तुळावरचे पाच, असे सहा बिंदू झाले. पलीकडच्या बाजूलाही असेच सहा मिळतात.

चेंडू धरायला लाकडाचीच खोलगट वाटी कातून लेथवर लावतात, वरून कडं आवळतात. एकेक खूण समोर मधोमध आणून बाहेर रुंद, आत निमुळतं भोक पाडायचं. सगळी भोकं एकाच खोलीची. मग काटकोनात वळलेली, धार कमानीसारखी घासलेली हत्यारं. एकात एक अनेक गोळे हवे असतील तर सगळ्यात आतला थर आधी, म्हणजे बाहेरच्या लाकडाचा भक्कमपणा शेवटपर्यंत टिकतो. हत्याराच्या दांड्यावर कॉलर बसवली की खोली चुकत नाही. बाकी सगळं कानावर. शिवाय भुसा सारखा फुंकून काढावा लागतो.

शेजारची दोन भोकं केंद्रातून मोजली तर ६३.४ अंशांवर असतात. निम्म्यापर्यंत, म्हणजे ३१.७ अंशांपर्यंत, पोखरलं की खाचा मिळतात. तरी आतला चेंडू हलत नाही! कारण दर तीन भोकांच्या मध्ये एक तिकोनी खांब उरतो. असे २० खांब. खांबाचा मध्य प्रत्येक भोकापासून ३७.४ अंशांवर, म्हणून धार तिथवर पोचायला हवी. आणि एवढं लांब हत्यार भोकातून आतही शिरायला हवं. या ओढाताणीतच भोक किती मोठं ठेवायचं ते ठरतं. एक भोक झालं की त्यात निमुळतं लाकडी बूच ठोकायचं, नाहीतर शेवटच्या भोकाला सुटे झालेले थर हत्याराबरोबर गरगरतील.

या कलेची मोठी परंपरा हस्तिदंतात आहे. चीनमध्ये १३८८ च्या एका ग्रंथात त्साओ झाओने एकात एक कोरलेल्या हस्तिदंती चेंडूंची नोंद केली, त्यांना भुताची करणी म्हणत. पुढे ग्वांगझूच्या कारागिरांनी थर कितीतरी वाढवले. जर्मनीत सॅक्सनीचा शासक ऑगस्ट स्वतः लेथवर बसायचा. १५७८ मध्ये गेऑर्ग वेकर त्याच्या दरबारी कातारी म्हणून ड्रेस्डेनला आला. तिथल्या ग्र्यूनेस गेवोल्बे संग्रहालयातलं त्या काळचं हस्तिदंती कातीव काम पाहून अंगावर काटा येतो. पण त्यासाठी हत्ती मेले, हेही विसरवत नाही. चीनने २०१७ च्या अखेरीस हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापार बंद केला, ते फार चांगलं झालं.

लाकडात हे काम तितकंच देखणं होतं, फक्त लाकूड बारीक रेषांचं हवं. सागाचा पोत भरड, नाजूक कडा तुटतात. काळा कुडा किंवा हेदू उत्तम. लाकूड पुरतं वाळलेलं असावं, कारण ते रेषेच्या आडवं जास्त आकसतं आणि गोल चेंडू लांबट होतो. मग तो वाटीत नीट बसत नाही. म्हणून मी पावसाळ्यात हे काम हाती घेत नाही आणि गोल कातल्यावर मध्ये खंड पडू देत नाही. शिकणाऱ्याने ८० मिलिमीटरचा चेंडू आणि आत एकच सुटा गोळा, एवढंच आधी करावं. तिसरा थर त्यानंतर.