घरातील बुजुर्ग

काही गावांच्या नावापुढे ‘बुद्रुक’ किंवा ‘खुर्द’ लिहिलेले असते. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’चेच बदललेले रूप आहे. बुजुर्ग म्हणजे मोठा, वडीलधारा. खुर्द म्हणजे लहान.

वडीलधाऱ्यांचा मान नेहमीच राहतो असे नाही. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ नाटकातील गणपतराव बेलवलकर सारी मालमत्ता मुलांना देतात आणि म्हातारपणी बेघर होतात. १९७० साली ही भूमिका प्रथम करणारे डॉ. श्रीराम लागू स्वतः अवघे ४३ वर्षांचे होते!

आपल्या बीड जिल्ह्यात मात्र याच्या उलट चित्रही दिसते. दिवाळीच्या सुमारास असंख्य जोडपी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मग पाच-सहा महिने घर आजी-आजोबांवर असते. जिला नीट दिसत नाही, ती आजी पहाटे चूल पेटवते, भाकरी थापते, नातवंडांना शाळेत धाडते. घरी आजी नसली आणि गावात हंगामी वसतिगृहही नसले, तर मूल आईबापांबरोबर उसाच्या फडावर जाते. तिथे त्याची शाळा सुटते.

२०२२ पासून ७५ वर्षांवरील लोकांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. पण तिकीट लागत नसले, तरी हंगाम संपेपर्यंत या आजीला गाव सोडता येत नाही.