आमवातरुग्णांसाठी स्वावलंबन वर्ग : चिकित्सेचा दुर्लक्षित पाद

आमवाताचा रुग्ण महिन्यातून एकदा, फार तर दोनदा, आपल्यासमोर दहा-पंधरा मिनिटे बसतो. उरलेला सर्व काळ तो आपल्या व्याधीसह घरी असतो. सकाळी मूठ वळत नाही तेव्हा काय करावे, मनगट सुजलेले असताना भाकरी थापावी की नाही, औषधाने मळमळले तर ते थांबवावे की नाही, हे सर्व निर्णय त्याला एकट्यालाच घ्यावे लागतात. या निर्णयांसाठी त्याला तयार करणे हाही चिकित्सेचाच भाग होय, असे आमचे मत झाले आहे. त्यामागील विचार व पद्धती येथे मांडत आहोत.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एक गृहिणी आमच्याकडे आली. रुग्णालयातून तिला मेथोट्रेक्सेट चालू होते. लंघन, वालुकास्वेद व सिंहनाद गुग्गुळ या उपक्रमाने तिची भूक सुधारली, सकाळचे जडत्व उणावले. आम्ही समाधानी होतो. बरे वाटू लागताच तिने रुग्णालयाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या, हे मात्र आम्हास ठाऊक नव्हते. आम्ही विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. पुढे आठ महिन्यांनी ती आली तेव्हा बोटे वाकडी होऊ लागली होती. कारण विचारता ती म्हणाली, "तुम्हाला राग येईल असं वाटलं." व्याधीपेक्षा हे उत्तर आम्हास अधिक बोचले. दोष तिचा नव्हता. सांगण्याचे धैर्य तिला आमच्याकडून मिळाले नव्हते.

रुग्ण हाही पाद

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. रोग्याचे गुण चार : स्मृति, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व. हे गुण असलेला रुग्ण मिळणे आपण भाग्याचे मानतो. परंतु ते रुग्णात निर्माणही करता येतात, हा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. वरील भगिनीत अभीरुत्व व ज्ञापकत्व यांचाच अभाव होता.

परदेशातील प्रयोग

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिविकाराच्या रुग्णांसाठी असाच एक वर्ग उभा केला. आठवड्यातून एकदा दोन तास, असे सहा आठवडे तो चाले. विशेष हे की तो चालविणारे बहुधा प्रशिक्षण घेतलेले सामान्य लोक असत व त्यांतील अनेक स्वतःच संधिविकाराने पीडित असत. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चार वर्षांनंतरही वेदना सरासरी २० टक्क्यांनी व डॉक्टरांकडील फेऱ्या ४० टक्क्यांनी कमी आढळल्या. त्याच काळात शारीरिक अक्षमता मात्र ९ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे असा वर्ग दुःख सह्य करतो, पण व्याधीची गती रोखण्याचे काम औषधाचेच राहते. हा भेद आपण कदापि विसरू नये.

बैठकीचा क्रम

आमच्या चिकित्सालयात रविवारी सकाळी दहा-बारा रुग्ण व त्यांचे नातेवाईक एकत्र बसतात. पहिल्या बैठकीत व्याधीचे स्वरूप सांगतो. मंदाग्नी, विरुद्धाहार व निश्चलता ही माधवनिदानातील कारणे रुग्णांना आपल्या दिनचर्येत सहज ओळखता येतात. दुसरीत हालचाल : सूज असताना विश्रांती किती आणि सूज उतरल्यावर व्यायाम कोणता. आमावस्थेत तेल चोळू नये, रूक्ष स्वेद घ्यावा, हे येथेच प्रत्यक्ष दाखवितो. तिसरीत आहार, चौथीत औषधे, पाचवीत थकवा, निद्रा व मन आणि सहावीत घरातील सोयी. पीठ मळण्याचे काम वाटून घेणे, कळशीऐवजी लहान भांडे वापरणे, नळाच्या तोटीला लांब दांडी बसविणे अशा युक्त्या रुग्णच एकमेकांना सांगतात. आम्हास त्या सुचल्या नसत्या.

प्रत्येक बैठकीअखेर प्रत्येकाने एक छोटा संकल्प करावयाचा. "रोज व्यायाम करीन" हा संकल्प आम्ही स्वीकारत नाही. "सोमवार, बुधवार, शुक्रवार, चहानंतर दहा मिनिटे बोटांचा व्यायाम" हा स्वीकारतो. तो पार पडेल याची खात्री दहापैकी किती, हे विचारतो; सातपेक्षा कमी असल्यास संकल्प लहान करतो. ही रीत स्टॅनफर्डचीच. पुढील रविवारी संकल्प मोडला असल्यास कोणी रागावत नाही. अडचण कोठे आली हे सर्व मिळून शोधतात. अभीरुत्व असे वाढते.

औषधविक्रेत्यांस विनंती

संधिविकारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून ते रोज घेतले गेल्यास प्राणावर बेतू शकते. म्हणून गोळी देताना वार विचारावा व पाकिटावर तो मोठ्या अक्षरांत लिहावा. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने आधी तज्ज्ञांस भेटावे, हेही सांगावे. दुसरी गोष्ट, नाव व घटक नसलेली "वातावरची पुडी" दुकानात ठेवू नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. ज्याला दोन दिवसांत चमत्कार वाटतो, त्याची हाडे पुढे ठिसूळ होतात. परंतु दीर्घकाळ अशी पुडी घेणाऱ्यास ती एकाएकी बंद करावयास सांगणेही धोक्याचे आहे; त्यास तज्ज्ञांकडेच पाठवावे.

मर्यादा

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले होते. म्हणजे दोन हजार प्रौढांच्या गावात असे दहाएक रुग्ण असू शकतात. वर्ग भरविण्यास तेवढे पुरेसे आहेत. मात्र सांध्यांची सूज सहा आठवडे टिकल्यास संधिविकारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यास विलंब करू नये, आणि एकच सांधा तापासह लाल व उष्ण झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. ही प्रतीक्षा करण्याची स्थिती नव्हे.

सतरंजी, एक फळा व दोन तास, इतकीच सामग्री लागते. वैद्यबंधूंनी आरंभ करावा. आणि तोवर, उद्या येणाऱ्या आमवाताच्या रुग्णास इतके तरी विचारावे : "दुसरे कोणते औषध चालू आहे? कोणते बंद केले? सांगा, आम्ही रागावणार नाही."