घरच्या रियाजासाठीं पियानो

आमच्या मराठवाड्यांत पियानो हें वाद्य घरोघरीं कधींच नव्हतें. पेटी मात्र होती. ‘तुमची पट्टी कोणती?’ या प्रश्नास ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी दोन’ असें उत्तर देणाऱ्या गवयास आपण परदेशी वाद्याची परिभाषा बोलत आहों याची जाणीवही नसते, इतकी ती आपल्या अंगवळणीं पडली आहे. अलीकडे मात्र नांदेड-लातूरकडील सुशिक्षित कुटुंबांतून ‘नातीस पियानो शिकावयाचा आहे, कोणता घ्यावा?’ अशी पृच्छा वारंवार होऊं लागली आहे. हा खर्च चाळीस-पन्नास हजारांच्या घरांत जाणारा. शिवाय लहान वयांत बोटांस लागलेली संवय सहजीं मोडत नाहीं. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्तारानें विचार करणें अवश्य आहे.

खऱ्या, तारांच्या पियानोची गोष्ट आधींच बाजूस ठेवावी. त्याचें वजन दोनशें किलोंच्या आसपास वा त्याहूनही अधिक. आमच्याकडचा कोरडा उन्हाळा आणि मागून येणारा दमट पावसाळा यांच्या फेऱ्यांत लाकूड आकसतें व फुगतें, तारा उतरतात, आणि त्या जुळविणारा जाणकार हैदराबादेहून किंवा पुण्याहून आणवावा लागतो. डिजिटल पियानोंत तारा नसतात; उत्तम पियानोचे ध्वनिमुद्रित केलेले सूर त्यांत साठविलेले असतात व पट्टी दाबतांच तेच उमटतात. त्यामुळें तो बेसूर होत नाहीं. वजनही दहा ते साडेबारा किलो. माजघरांतून माडीवर सहज नेतां येतो.

परंतु बाजारांत एकसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तु मिळतात, आणि येथेंच बहुतेक गृहस्थ फसतात. एक कीबोर्ड व दुसरा पियानो. कीबोर्डाच्या पट्ट्या बहुधा ६१, किंमत आठ हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत, आणि आंत शेंकडों आवाज: बांसरी, सनई, ढोलक, कांहींत तर आपले तालही. डिजिटल पियानो याच्या दुप्पट-चौपट महाग, आणि यामाहा पी-१४५ किंवा कॅसिओ सीडीपी-एस ११० यांसारख्या प्रारंभीच्या पियानोंत आवाज अवघे दहा! खरेदीस गेलेला काटकसरी गृहस्थ ‘कमी पैशांत अधिक माल’ या न्यायानें कीबोर्ड उचलतो. वस्तुतः अधिक पैसे आवाजांसाठीं नव्हतेच. ते पट्ट्यांसाठीं होते.

हें नीट समजावून घ्यावें. पेटींत आवाज लहानमोठा होतो तो भात्यानें. बोटाच्या जोराशीं त्याचा संबंध नाहीं. पियानोंत याच्या नेमकें उलट. पट्टी दाबली कीं आंतील हातोडी तारेवर आपटते; हळू दाबाल तर सूर मृदु, जोरानें दाबाल तर कडक. सारें भावदर्शन बोटांच्या अग्रांत. खऱ्या पियानोची पट्टी खालीं जाण्यास सुमारें ५० ग्रॅम भार लागतो. चांगल्या डिजिटल पियानोंत हा भार उत्पन्न करण्यासाठीं लहान हातोड्या बसविलेल्या असतात, व खर्जाकडील पट्ट्या तार सप्तकांतील पट्ट्यांपेक्षां किंचित् जड ठेवलेल्या असतात. साध्या कीबोर्डांत नुसती स्प्रिंग. अगदीं स्वस्त कीबोर्डांत तर कसेंही दाबलें तरी आवाज एकच. अशा पट्ट्यांवर दोन वर्षें बसलेल्या मुलीचा हात खऱ्या पियानोवर पडला कीं तो लुळा पडतो.

आमच्या घरांतील मुलांस आणखी एक अडचण आहे. पेटीवर उजवा हात वाजवितो व डावा भाता मारतो. म्हणून पेटी शिकलेल्या मुलाचा डावा हात पियानोवर अगदींच निरक्षर असतो. पेटी येते म्हणून पियानो लवकर येईल, अशी अपेक्षा वडिलांनीं धरूं नये.

म्हणून पहिला प्रश्न वाद्याचा नसून विद्येचा. मुलीस गाणें शिकावयाचें असेल तर पियानो घेऊंच नये. तंबोरा आणि पेटी पुरे. तेथेंही तंबोऱ्याकडे कान अधिक द्यावा. अर्ध्या स्वराचे १०० भाग कल्पिले तर षड्जापासून शुद्ध गांधार तंबोऱ्यांतून ३८६ व्या भागावर ऐकूं येतो, तर पियानोचा गांधार ४०० वर असतो. म्हणजे चांगला १४ भाग चढा. पंचमांत मात्र भेद अवघा दोन भागांचा. पेटीवर १९४० सालीं रेडिओनें जी बंदी घातली व जी १९७१ पासून सैल झाली, तिच्या मुळाशीं या बांधलेल्या स्वरांची तक्रारही होती. पाश्चात्य संगीत शिकावयाचें असेल तर हा आक्षेप उरत नाहीं. तें संगीत याच स्वरांवर रचलेलें आहे. ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा देण्याचा विचार असल्यास पियानोची परीक्षा वेगळी व कीबोर्डाची वेगळी, हें ध्यानांत घेऊन मग खरेदीस जावें.

पियानोच घ्यावयाचा ठरल्यास ८८ पट्ट्या, हातोडीची रचना, पायाचें पेडल आणि एका वेळीं निदान ६४ सूर धरून ठेवण्याची शक्ति, एवढें पाहावें. पेडल दाबलें असतां आधींचे सूर रेंगाळत असतात. ही शक्ति अपुरी असल्यास ते मध्येंच तुटतात. वर सांगितलेल्या दोहोंत ती ६४, रोलंड एफपी-१० मध्यें ९६.

एकत्र कुटुंबांत हेडफोनची सोय म्हणजे वरदान. आजीचा जप, दादांचा दहावीचा अभ्यास आणि नातीचा रियाज एकाच वेळीं चालतो. तथापि हातोड्यांची टकटक हेडफोननें थांबत नाहीं. ती स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जाते. स्टँडखालीं जाड सतरंजी घालावी. वीज गेल्यास घरच्या इन्व्हर्टरवर पियानो बिनदिक्कत चालतो. फुलीच्या आकाराचा स्टँड डुलतो. चार पायांचा घ्यावा, आणि बैठक अशी असावी कीं कोपर पट्ट्यांच्या पातळीस येईल. वाढत्या वयाच्या मुलीसाठीं उंची कमीजास्त होणारें स्टूल हवेंच. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून काम भागवूं नये.

पैशांची ओढ असेल तर जुना पियानो कीबोर्डापेक्षां बरा. मात्र तो घेतांना मुलीस बरोबर न्यावें, आवाज पूर्ण बंद करून पट्ट्यांची खडखड ऐकावी, मग आवाज उघडून एकेक पट्टी आधीं हळू व मग जोरानें दाबून पाहावी. अठ्ठ्याऐंशीही पट्ट्या झाल्याशिवाय पैसे काढूं नयेत. विकणारा कंटाळला तरी चालेल.