कोऱ्या चावीचा हक्क

बर्लिनमधल्या काही जुन्या, चाळवजा इमारतींच्या मुख्य दरवाजाला एक चावी लागते, जिला धरायची मूठच नाही. दांडीच्या दोन्ही टोकांना सारखंच पातं. एक टोक कुलपात घालून फिरवलं की दार उघडतं, पण चावी मागे निघत नाही. ती कुलपातून आरपार ढकलायची, आत जायचं, दार लोटायचं आणि आतल्या बाजूनं फिरवून कुलूप लावायचं. तेव्हा कुठे ती हातात परत येते. रात्री उशिरा आलेला भाडेकरू दार उघडं टाकून वर झोपायला गेला, असं होऊच नये म्हणून योहान श्वायगर या तिथल्याच कारागिरानं ही युक्ती काढली, आणि १९१२ पासून आल्बर्ट केर्फिन यांच्या कारखान्यानं ती कुलपं बनवली. दिवसा ही सक्ती उठवायची आणि रात्री परत लागू करायची, तर त्यासाठी वेगळी चावी इमारतीच्या रखवालदाराकडे असे. ‘दार लावून घ्या’ अशी पाटी टांगण्याऐवजी ती सूचना लोखंडातच घडवली आहे. ब्रुनो लातूर या फ्रेंच विचारवंतानं या चावीवर अख्खा निबंध लिहिला तो यामुळेच.

अशी चावी हरवली, किंवा घरात आणखी एक माणूस राहायला आलं, की तिची जोड करून देणारा शोधत बाहेर पडावं लागतं. परक्या शहरात हा शोध बहुतेक जण चुकीच्या प्रश्नानं सुरू करतात. ‘इथे चांगला हात कुणाचा?’ असं ते विचारतात. विचारायला हवं ते हे, की या चावीची कोरी, अजून न कापलेली प्रत कुणाकडे आहे आणि ती कापायची मुभा कुणाला आहे. युरोप-अमेरिकेत या धंद्यातलं कौशल्य हातातून निघून डोळ्यांत आणि कागदपत्रांत गेलं आहे. चावी ओळखणारा, तिचा कच्चा माल मिळवू शकणारा आणि वेळ पडली तर ‘हे मी करणार नाही’ म्हणणारा माणूस तिथे कुशल ठरतो. नुसती चावी कापणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग.

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला हे पटायला जड जातं, कारण त्यानं आयुष्यभर याच्या उलट पाहिलेलं असतं. मंडईजवळ किंवा स्टेशनाबाहेर पेटी मांडून बसलेला चावीवाला मूळ चावी नसतानाही कुलपाला चावी बसवतो. कोऱ्या चावीची कड तो कानशीनं साफ करतो, कधी ज्योतीवर धरून तिच्यावर काजळी चढवतो, मग कुलपात घालून जोर देत दोन्हीकडे हलवतो. बाहेर काढून उजेडात तिरकी धरली की आतला खिळा जिथे अडला तिथे टाचणीच्या टोकाएवढी खूण दिसते. तेवढ्याच जागी कानशीचे दोन-तीन हात मारायचे, परत कुलपात, परत उजेडात. खूण उमटायची थांबली की तिथली खोली जमली. जर्मनीत हेच काम शर्यत लावून करतात. हॅम्बुर्गमध्ये १९९७ साली स्थापन झालेल्या हौशी मंडळींच्या संघटनेनं कुलूप उघडण्याला रीतसर खेळाचं रूप दिलं. ज्या कसबावर आपल्याकडे जेमतेम पोट भरतं, त्यावर तिथे चषक मिळतो.

मग हाच चावीवाला बर्लिनच्या एखाद्या नाक्यावर बसवला तर सगळे प्रश्न मिटतील, असं कुणीही म्हणेल. अर्धे मिटतील. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला तेव्हापासून आपल्या घराघरांत जी कुलपं रुजली, ती प्रामुख्यानं लिव्हरची. त्यांच्या चावीचा सगळा अर्थ तिच्या कडेवरच्या खाचांत असतो, आणि कड कानशीच्या आवाक्यातली गोष्ट आहे. फिनलंडच्या आब्लॉय कुलपात हे चालत नाही. एमिल हेन्रिकसन यांनी १९०७ मध्ये काढलेल्या या रचनेत स्प्रिंग नाही, खिळे नाहीत; फिरत्या चकत्यांची चळत आहे. चावीवरची प्रत्येक खाच वेगळ्या कोनात कापलेली असते आणि त्या कोनानुसार तिची तिची चकती कमी-जास्त फिरते. नेहमीचं यंत्र सरळ खाली कापतं, म्हणून ते या चावीसमोर हात टेकतं. स्वित्झर्लंडच्या काबा कंपनीनं १९३४ मध्ये पेटंट घेतलेल्या चावीची कड तर गुळगुळीतच असते. तिच्या सपाट अंगावर लहानमोठे खळगे असतात आणि ती उलटसुलट कशीही घातली तरी चालते. काही इस्रायली आणि युरोपीय चाव्यांच्या अंगात तर एक हलता भाग बसवलेला असतो, तो कुलपाच्या आत गेल्यावर जागचा सरकतो. अख्खा आकार तंतोतंत उतरवला आणि तो हलता तुकडा राहिला, तर हातात उरतं ते छान घासलेलं पितळ.

तरीही नेहमीच्या, कडेला खाचा असलेल्या चावीतसुद्धा नुसती नक्कल आणि खरं काम यांत फरक आहे, आणि चांगला दुकानदार ओळखायची पहिली संधी इथेच मिळते. यंत्र साधं असतं. एका शिकंज्यात मूळ चावी, दुसऱ्यात कोरी. एकीच्या खाचांवरून काटा फिरतो आणि त्याच चालीनं दुसरीवर पातं फिरतं. पण यंत्र बिचारं आंधळं. मूळ चावी दहा वर्षं खिशात नाण्यांशी घासून झिजली असेल, तर ती झीजही ते इमानानं उतरवतं आणि वर स्वतःची थोडी चूक घालतं. अमेरिकेत सर्रास दिसणाऱ्या श्लेग कुलपांत खाचेच्या एका खोलीवरून पुढच्या खोलीवर जायला इंचाचे अवघे पंधरा हजारांश भाग लागतात, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. नकलेची नक्कल आणि तिचीही नक्कल केली की ही पायरी हळूहळू पुसट होते, आणि चावी ‘जरा हलवून घातली की लागते’ या अवस्थेला येते. जाणता कारागीर म्हणून मूळ चावी यंत्राला लावण्याआधी मोजतो. प्रत्येक खाच कारखान्याच्या कोष्टकातल्या कुठल्या खोलीची आहे ते ठरवून तो त्या आकड्यांवरून नवी चावी कापतो. ती मूळ चावीसारखी नसते. मूळ चावी नवी असताना जशी होती, तशी असते. दुकानात शिरल्यावर तुमची चावी घेऊन थेट यंत्राकडे वळणारा आणि ती खिडकीपाशी नेऊन आधी दोन्ही बाजूंनी पाहणारा, यांतला दुसरा निवडावा.

तो खिडकीपाशी पाहत काय असतो? बहुतेक वेळा दाते नव्हे, तर दांडीवरून लांबीभर धावणाऱ्या पन्हळी. कुलपाच्या तोंडाची भोकं वेगवेगळ्या आकाराची असतात आणि त्या त्या आकाराची कोरी चावीच आत शिरते. दुकानदाराच्या मागच्या भिंतीवर शेकडो आकड्यांना टांगलेलं पितळ असतं ते याचंच. या कोऱ्या मालाचं मोठं माहेर इटलीचा ईशान्य कोपरा. आल्प्सच्या कुशीतलं चिबियाना दि कादोरे हे गाव चाव्या घडवणाऱ्यांचं म्हणून प्रसिद्ध होतं, आणि तिथून फार दूर नसलेल्या वित्तोरियो वेनेतोमधल्या सिल्का कंपनीच्या कोऱ्या चाव्या नि यंत्रं आज जगभरच्या दुकानांत दिसतात. स्पेनच्या बास्क प्रांतातही याचे मोठे कारखाने आहेत. त्यांच्या जाडजूड सूचीत प्रत्येक पन्हळीला क्रमांक असतो, आणि परक्या देशातून आलेली चावी बघून तो क्रमांक हुडकणं हे खरं शिक्षण. म्हणूनच परदेशी चावी घेऊन फिरणाऱ्याला कधी कधी दहा दुकानं नाही म्हणतात आणि अकराव्यात चार दिवसांनी या असं सांगतात. त्या अकराव्याचा हात इतरांपेक्षा सरस असतोच असं नाही. त्याला सूची वाचता येते आणि माल मागवायचा कंटाळा नसतो, इतकंच. मिळतीजुळती कोरी चावी घासून बसवू पाहणारा मात्र टाळावा. अशी चावी आत जाते, आणि एखाद्या थंड रात्री आतच मोडते.

आता मुभेचा भाग, जिथे आपला माणूस सर्वांत जास्त चिडतो. जर्मनीत भाड्यानं घर घेतलं की हातात येणाऱ्या एकाच चावीनं बहुधा इमारतीचं मुख्य दार, तळघर, सायकलींची खोली आणि स्वतःचं घर, सगळं उघडतं. शेजाऱ्याच्या चावीनं बाकी सगळं उघडतं, तुमचं घर उघडत नाही. अशा मांडणीत प्रत्येक चावी अख्ख्या इमारतीशी नात्यानं बांधलेली असते. हे नातं किती नाजूक आहे ते मॅट ब्लेझ या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञानं २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवलं: मास्टर चावीच्या साध्या व्यवस्थेतलं एक कुलूप, त्याची एक रीतसर चावी आणि मूठभर कोऱ्या चाव्या एवढ्या सामानावर सगळ्या इमारतीची मास्टर चावी शोधून काढता येते. म्हणून तिथले उत्पादक कोऱ्या चावीच्या आकारावरच पेटंट घेतात आणि कुलपांबरोबर एक कार्ड देतात. ते कार्ड सहसा घरमालकाकडे किंवा इमारतीच्या व्यवस्थापनाकडे असतं, आणि ते दाखवल्याशिवाय अधिकृत दुकानदार चावी करून देत नाही. भाडेकरूच्या खिशात चावी असते, तिची जोड करायचा हक्क नसतो. चावी हरवली तर सगळी कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. मात्र घरमालकानं ती प्रत्यक्षात बदललीच नाहीत तर नुसत्या अंदाजपत्रकावर पैसे मागता येणार नाहीत, असा निर्वाळा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०१४ मध्ये दिला.

ही सगळी कंपन्यांची मक्तेदारी आहे, सुरक्षेचं फक्त निमित्त, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पेटंट वीस वर्षांत संपतं, मग कुणीही तो कोरा माल बनवू शकतो. आणि नेमकं त्या सुमारास कंपनीला नव्या पन्हळीचं, ‘सुधारित’ कुलूप सुचतं. हा योगायोग समजायला आपण काही दूधखुळे नाही. पण व्यापारी हेतू आहे म्हणून अडसर निरर्थक ठरत नाही. अमेरिकेत पुष्कळ चाव्यांवर ‘नक्कल करू नये’ असा नुसता ठसा असतो. त्यामागे ना पेटंट असतं ना कार्ड, आणि तिथल्या कुलूपकारांच्या संघटनेनंच या ठशाला फसवा म्हटलं आहे. अडवायचं तर कच्चा मालच अडवावा लागतो, शब्दांनी चावी अडत नाही.

दुसरा आक्षेप याहून ताजा: आता छायाचित्रावरून चावी होते, मग कोरा माल अडवून काय साधणार? २००८ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी गच्चीवरून १९५ फुटांवरच्या कॉफीच्या टेबलावर पडलेल्या चाव्यांचं चित्र टिपलं आणि त्यावरून संगणकाकरवी खाचांची मापं काढली. अमेरिकेला जाताना आपण बॅगेला जी विमानतळवाल्यांना उघडता येणारी कुलपं लावतो, त्यांच्या मास्टर चाव्यांचं छायाचित्र २०१४ मध्ये एका वर्तमानपत्रात छापून आलं आणि पुढच्याच वर्षी त्या चाव्या थ्री-डी प्रिंटरवर छापल्या जाऊ लागल्या. हा पुरावा आक्षेपाच्या बाजूचा वाटतो, पण तो नेमका उलट सांगतो. ज्या चावीचं गुपित तिच्या आकारापुरतंच आहे, ती एका चित्रात हातची गेली. उरतात त्या हलत्या तुकड्याच्या आणि कार्डाच्या चाव्या, म्हणजेच ज्यांच्यासाठी परदेशात पायपीट करावी लागते त्या.

राहता राहिलं दुकान. इंग्लंड-जर्मनी-फ्रान्समध्ये चाव्या करायचं काम बऱ्याचदा चांभारकामाच्या दुकानात चालतं. उभ्या-उभ्या करून घ्यायची दोन्ही कामं, दोन्हींना घासायचं यंत्र लागतं. ब्रिटनमधली टिंपसन ही साखळी १८६५ मध्ये मँचेस्टरला जोड्यांच्या दुकानापासून सुरू झाली. तिच्या दर दहा कामगारांतला सुमारे एक तुरुंगातून सुटून आलेला असतो, आणि तिचे तेव्हाचे प्रमुख जेम्स टिंपसन २०२४ मध्ये तुरुंग खात्याचे मंत्री झाले. लोकांच्या घराच्या चाव्या ज्यांच्या हाती द्यायच्या त्यांना असं निवडणारा धंदा विरळाच. साध्या चावीला अशी दुकानं उत्तम. अनवट चावीला मात्र कुलपांचंच दुकान हवं, आणि रात्रीबेरात्री दार उघडून देणारे फोनवाले तर मुळीच नकोत. जर्मनीत त्या धंद्याला पात्रतेची अट नाही आणि अवाच्या सवा बिलांसाठी तो बदनाम आहे. ब्रिटनमध्येही सरकारी परवाना लागत नाही, तिथे मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशनचं सभासदत्व बघतात. घर स्वतःचं असेल तर चांगला दुकानदार कित्येकदा चावी करूनच देत नाही. दाराच्या कडेचा एक लांब स्क्रू काढून कुलपाचा गाभाच बदला, असं सांगतो. त्याच्याबरोबर तीन-चार नव्या चाव्या आणि स्वतःच्या नावाचं कार्ड मिळतं.

बर्लिनच्या त्या दोनतोंडी चावीला यातलं काहीच लागू नाही. तिचं पेटंट केव्हाच संपलं, कार्ड तिला कधी नव्हतंच, आणि भिंतीवरच्या आकड्यांवर ती सहसा टांगलेली नसते. तिला दोन पाती लागतात, दोन्ही अगदी एकसारखी, कारण आज हे टोक आधी जाईल आणि उद्या ते. एक पातं केसभर जाड राहिलं तर जाताना दार उघडतं आणि येताना चावी मधेच अडकते, अर्धी बाहेर, अर्धी आत. इथे सूची मिटवून ठेवावी लागते आणि कानस हातात घ्यावी लागते. स्टेशनाबाहेरच्या चावीवाल्यासारखंच थोडं घासायचं, उजेडात धरायचं, परत दारापाशी जाऊन दोन्ही टोकं घालून बघायची.