निवृत्त आगबोटी व निराश्रितांचा निवारा

सन २०२० च्या ३ जून रोजीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ कोंकणच्या किनाऱ्यावरून गेलें. त्या दिवशीं 'बसरा स्टार' नांवाचें एक तेलवाहू जहाज वाऱ्याच्या तडाख्यानें वाहवत येऊन रत्नागिरीजवळ मिऱ्या येथील बंधाऱ्यावर आदळलें. खलाशी सुखरूप बाहेर काढण्यांत आले. जहाज मात्र तेथेंच अडकलें आणि पुढें कित्येक वर्षें अडकूनच राहिलें. आम्ही पावसकर मंडळी भाट्याची खाडी ओलांडून रत्नागिरीस बाजारहाटासाठीं गेलों म्हणजे वाट वांकडी करून तें पाहून येत असूं. एकदां माझा नातू बरोबर होता. त्या गंजत चाललेल्या धुडाकडे बराच वेळ पाहून तो म्हणाला, "आजोबा, एवढं मोठं घर रिकामं पडलंय आणि मुंबईत माणसं पुलाखाली झोपतात. त्यांना यात का नाही राहू देत?"

"अरे, हें तेलाचें जहाज, यांत खोल्या नसतात," असें सांगून मीं त्या वेळीं वेळ मारून नेली. परंतु चाळीस वर्षें शाळेंत घालविलेल्या माणसास टाळलेला प्रश्न स्वस्थ बसूं देत नाहीं. शिवाय तें उत्तर अर्धेंच खरें होतें. ज्यांत खोल्या असतात, स्वयंपाकघरें, न्हाणीघरें, दवाखाना, सर्व कांहीं असतें, अशींहि जहाजें आपल्याच किनाऱ्यावर मोडींत निघतात. त्याच २०२० सालची गोष्ट घ्या. 'कर्णिका' नांवाचें प्रवासी जहाज त्याच्या आदल्या वर्षापासून मुंबईहून गोव्याकडे व इतरत्र फेऱ्या करीत होतें. सुमारें २,००० प्रवाशांची त्यांत सोय होती. महामारींत फेऱ्या थांबल्या, कंपनी बुडाली आणि नोव्हेंबरांत तें जहाज गुजराथेंतील अलंगच्या वाळूवर तोडण्यासाठीं चढविलें गेलें. ज्या वर्षीं मुंबईंतून हजारों कष्टकरी डोक्यावर बोचकें घेऊन पायीं गांवाकडे निघाले, त्याच वर्षीं दोन हजार बिछान्यांचें हें घर भंगारांत गेलें. सन २०११ च्या जनगणनेंत हिंदुस्थानांत बेघर म्हणून नोंदलेलीं माणसें १७ लक्षांहून अधिक होतीं. एकट्या बृहन्मुंबईंत सत्तावन्न हजारांवर. हे दोन आंकडे शेजारीं ठेवले कीं नातवाचा प्रश्न पोरकट वाटत नाहीं.

तो पोरकट नाहींच. मोठमोठ्या शहरांच्या कारभाऱ्यांनीं तो गंभीरपणें विचारलेला आहे. सन २००२ मध्यें न्यूयॉर्क शहराचे अधिकारी निवृत्त प्रवासी जहाजें पाहण्यास बहामा बेटांपर्यंत गेले होते. शहरांतील बेघर कुटुंबें त्यांवर ठेवतां येतील काय, हें त्यांस अजमावयाचें होतें. ती योजना पुढें सरकली नाहीं. पॅरिसमध्यें मात्र असें घर प्रत्यक्ष झालें, आणि तें बरेंच टिकलें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत कोळसा वाहण्यासाठीं बांधलेली काँक्रीटची एक मालवाहू नौका 'साल्व्हेशन आर्मी' या संस्थेनें घेतली आणि सन १९२९ मध्यें ल कॉर्बुझिए यानें तिचें रात्रनिवाऱ्यांत रूपांतर केलें. पुढें चंडीगड नगराची आखणी करणारा स्थपति तो हाच. 'लुईझ-कॅथरीन' हें तिचें नांव. सीन नदीच्या कांठीं ती बांधून ठेवलेली असे. हिवाळ्यांत शंभराहून अधिक निराश्रितांना तींत बिछाना मिळे आणि उन्हाळ्यांत गरीब मुलांच्या सुट्टीची सोय होई. सन १९९४ पर्यंत हें चाललें. २०१८ मध्यें नदीला पूर आला असतां ती बुडाली व २०२० मध्यें पुन्हा वर काढण्यांत आली.

ही नौका का टिकली, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. ती नदींत होती, समुद्रांत नव्हे. काँक्रीटची असल्यामुळें तिला गंज नव्हता. आणि फळीवरून चार पावलें टाकलीं कीं माणूस थेट शहराच्या रस्त्यावर येई. यांतली शेवटची गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी; पुढें ती पुन्हा येणार आहे.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. जुन्या जहाजावर घर करण्याची कल्पना आपणांस परदेशांतून आणावयाची गरजच नव्हती. 'डफरिन' हें सैनिकांची ने-आण करणारें जहाज इंग्लंडांत बॅरो येथें व्हिकर्स कंपनीनें बांधलें व १९०४ सालीं पाण्यांत सोडलें. ती नोकरी संपल्यावर १९२७ मध्यें तें माझगांवसमोर नांगरून ठेवण्यांत आलें आणि हिंदी तरुणांस व्यापारी जहाजांवरील अधिकारी बनविणारी शाळा त्यावर सुरू झाली. पुढें १९५८ मध्यें आपल्या नौदलाचे पहिले हिंदी प्रमुख झालेले रामदास कटारी हे तिच्या अगदीं पहिल्या तुकडींतले विद्यार्थी. सन १९७२ मध्यें 'डफरिन'ची जागा 'राजेंद्र' या नौकेनें घेतली आणि १९९३ पासून ती शाळा नव्या मुंबईंत 'चाणक्य' या नांवानें जमिनीवर आली. म्हणजे निवृत्त जहाजावर पंचेचाळीस वर्षें पोरें राहिलीं, जेवलीं, शिकलीं आणि मोठीं झालीं. अमरकोशांत 'पोत' या शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत, एक जहाज व दुसरा बालक. संस्कृत शिकवितांना हा शब्द आला कीं मी 'डफरिन'चें उदाहरण देत असें.

मग 'डफरिन'ला जें साधलें, तें बेघरांच्या जहाजाला कां साधूं नये? माझ्या मतें याचें उत्तर जहाजाच्या पत्र्यापेक्षां त्यावरील माणसांच्या स्थितींत अधिक आहे. 'डफरिन'वर राहणारा प्रत्येक मुलगा स्वेच्छेनें आलेला, निवडलेला, आणि दोन-तीन वर्षांनीं तेथून निघून जाणार हें ठाऊक असलेला असे. तक्ते धुण्यापासून होडी वल्हविण्यापर्यंतचीं कामें हाच त्याचा अभ्यास होता. जहाजाची देखभाल शिकणें हेंच शिक्षण. त्याचा दिवस जहाजावरच जाई, किनाऱ्यावर जाण्याची त्याला घाई नसे. बेघर माणसाचें सगळें याच्या उलट. त्याचा दिवस किनाऱ्यावर असतो आणि रात्रीपुरतीच त्याला जागा हवी असते.

पत्र्याचीहि गोष्ट सांगितली पाहिजे, कारण खर्चाचा हिशेब तेथेंच चुकतो. उभें जहाज म्हणजे फुकटचें घर, ही समजूत जमिनीवरच्या माणसाची आहे. घर चार वर्षें बंद ठेवलें तर त्याला वाळवी लागते. जहाज बंद ठेवलें तर तें बुडतें. पाण्याखालच्या भागावर कालवें व शेवाळ चढतें, खाऱ्या हवेनें पत्रा झिजतो, ठराविक मुदतीनें सुक्या गोदींत नेऊन तो खरवडावा, रंगवावा लागतो. तळाशीं झिरपणारें पाणी उपसणारे पंप अहोरात्र तयार ठेवावे लागतात. आंतल्या खोल्यांस खिडक्या नसतात, म्हणून विजेचें यंत्र थांबलें कीं हवाहि थांबते. जुन्या जहाजांच्या भिंतींत अॅस्बेस्टॉस असतो. तो फुप्फुसांस घातक. पिण्याच्या पाण्याचें काय होतें, तें इंग्लंडांत नुकतेंच दिसलें. आश्रयार्थी लोकांस ठेवण्यासाठीं पोर्टलंड बंदरांत आणलेल्या 'बिबी स्टॉकहोम' या तरत्या निवासावर ऑगस्ट २०२३ मध्यें पहिले रहिवासी चढले आणि कांहीं दिवसांतच त्यांस उतरवावें लागलें. नळाच्या पाण्यांत लेजिओनेला हे रोगजंतू सांपडले होते.

आपल्या राज्याचे अनुभवहि बोलके आहेत. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका १९९७ मध्यें निवृत्त झाली. सन २००१ पासून २०१२ पर्यंत मुंबईंत तिचें संग्रहालय होतें. बांगलादेशच्या युद्धांत पराक्रम गाजविलेली ही नौका. तिच्याविषयीं लोकांना किती प्रेम! पण तिला तरती ठेवण्याचा खर्च कोणालाच झेपला नाहीं आणि २०१४ मध्यें सुमारें ६० कोटी रुपयांस ती भंगारांत गेली. दारूखान्यांत तिचे तुकडे झाले. पाठोपाठ 'विराट' २०१७ मध्यें निवृत्त झाली. तिला सिंधुदुर्ग जिल्ह्यांत निवतीच्या खडकांजवळ संग्रहालय म्हणून उभी करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेस राज्य मंत्रिमंडळानें नोव्हेंबर २०१८ मध्यें संमतीहि दिली. आम्हां कोंकणवासीयांस फार आनंद झाला होता. सप्टेंबर २०२० मध्यें 'विराट'हि अलंगला गेली. संग्रहालय व पर्यटन यांचा खर्च निवाऱ्याच्या खर्चाशीं जसाच्या तसा तोलणें बरोबर नाहीं, हें मी जाणतों. परंतु ज्या नौकांच्या नांवानें माना ताठ होतात, त्यांच्यासाठीं जो पैसा निघाला नाहीं, तो फुटपाथवरच्या माणसासाठीं वर्षानुवर्षें निघेल असें मानणें मला भाबडेपणाचें वाटतें.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. आपत्तीच्या वेळीं, थोड्या काळापुरतें, जहाज खरोखर उपयोगी पडतें. युक्रेनमधून आलेल्या निर्वासितांसाठीं २०२२ मध्यें स्कॉटलंडच्या सरकारनें दोन प्रवासी जहाजें भाड्यानें घेतलीं. एक एडिंबरोजवळ लीथ येथें व दुसरें ग्लासगो येथें उभें केलें आणि पुढल्या वर्षीं दोन्ही मोकळीं केलीं. तयार बिछाने, तयार भटारखाना आणि धक्क्याला लागल्या क्षणीं राहावयास जागा; वादळ, भूकंप, महापूर यांत याहून जलद काय मिळणार? तरीहि अमेरिकेंत २००५ च्या 'कॅट्रिना' वादळानंतर निराळाच अनुभव आला. सरकारनें तीन जहाजें सहा महिन्यांसाठीं २३ कोटी ६० लक्ष डॉलरांस ठरविलीं; पण घरदार गमावलेले पुष्कळ लोक त्यांवर जाईनात. सुरुवातीस जहाजांचा बराच भाग रिकामा राहिला आणि मदतकार्य करणाऱ्यांसच त्यांचा पुष्कळ उपयोग झाला.

लोक कां जाईनात, हें मला पुस्तकांतून नीटसें कळलें नव्हतें. तें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सांगितलें. पूर्णगडच्या खाडीकांठच्या एका गांवचा हा मुलगा. मुलगा कसला, आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ. मुंबईंत गोदीच्या बाजूस एका गोदामांत तो हमाली करी आणि तेथल्याच माळ्यावर झोपे. गोदाम विकलें गेलें आणि माळाहि गेला. पुढें आठ महिने तो एका उड्डाणपुलाखालीं झोपला. घरीं आईला हें ठाऊक नव्हतें. तिला तो दर महिन्यास पैसे पाठवी आणि 'जागा बदलली आहे' एवढेंच कळवी. गणपतींत गांवीं आला असतां मला भेटावयास आला, तेव्हां ओसरीवर बसून हें त्यानें सांगितलें. सांगतांना खालीं पाहत होता. वर्गांत पाठांतर चुकलें कीं तो असाच खालीं पाही.

थोड्या वेळानें मीं त्याला नातवाचा प्रश्न घातला. वाटलें होतें, तो हसेल. तो हसला नाहीं. विचार करूं लागला.

"गुरुजी, पावसापासून बचाव होईल, ते खरं," तो म्हणाला. "पण ट्रक रात्री दोनला येतो, कधी पहाटे चारला. हाक मारली की जो तिथे असेल, त्याला काम मिळतं. मला बोटीवरून त्या वेळेला कोण उतरवणार? पुलाखाली मच्छर आहेत, पोलीस उठवतात, सगळं आहे. पण काम तिथं आहे."

"मग तुला काय हवें होतें रे?"

"नळ, संडास आणि एक कुलपाचं कपाट," तो म्हणाला. "मी माझी बॅग चहावाल्याकडे ठेवायचो. रोजचे वीस रुपये घ्यायचा."

लहानपणीं मी वडिलांबरोबर बोटीनें मुंबईस गेलों होतों. रत्नागिरीस बोट दूर उभी राही. पडावांतून तिच्याजवळ जावें लागे आणि समुद्र खवळलेला असला तर बायामाणसें डोळे मिटून देवाचें नांव घेत. पावसाळ्याचे महिने तर बोटच बंद. किनारा डोळ्यांना दिसतो पण पायांना लागत नाहीं, ही स्थिति आमच्या पिढीनें अनुभवलेली आहे. तरी पॅरिसच्या नौकेची ती चार पावलें इतके दिवस माझ्या लक्षांत आलीं नव्हतीं.

कायद्यानें मात्र हें ओळखलेलें आहे. सन २०१० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मोठ्या शहरांतून दर एक लक्ष लोकसंख्येस एक, असे चोवीस तास उघडे राहणारे निवारे उभारण्याचा आदेश दिला. सन २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत तर, निवारा साधारण पन्नास ते शंभर माणसांचा असावा, माणशीं ५० चौरस फूट जागा असावी, आणि बेघर लोक जेथें गोळा होतात व काम करतात तेथून तो जवळ असावा, असें स्पष्ट लिहिलें होतें. एका ठिकाणीं दोन हजार माणसें ही कल्पनाच त्या नियमांत बसत नव्हती. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लक्ष. म्हणजे सुमारें १२५ निवारे हवेत. तितके आजवर झालेले नाहींत. गोदीच्या मागें ओसाड पडलेलीं गोदामें मीं स्वतः पाहिलीं आहेत. त्यांतल्या एखाद्याला नळ, संडास व कपाटें बसविण्यास सुकी गोदी लागत नाहीं.

माझा विद्यार्थी आतां नालासोपाऱ्यास चार जणांबरोबर एका खोलींत राहतो. कामावर पोंचावयास त्याला दीड तास लागतो आणि रात्रीचीं कामें त्यानें सोडलीं. तीं परवडत नाहींत. त्या गणपतींत परत जातांना माझ्या पत्नीनें त्याच्या पिशवींत चार नारळ घातले. दोन त्यानें वेगळ्या फडक्यांत बांधून घेतले. विचारलें, तेव्हां म्हणाला, "हे चहावाल्याला. आठ महिन्यांत त्यानं एकदाही बॅग उघडली नाही."