तापलेले इंजिन बंद का पडते?



अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पद्मिनीचे त्याही आधी. तरी या गाड्या जिवापाड जपणारे लोक आहेत आणि त्यांची एक तक्रार नेहमीची आहे. सकाळी गाडी सुरळीत सुरू होते. मे महिन्याच्या दुपारी, पारा ४५ अंशांवर असताना, सीताबर्डीच्या गर्दीत अडकली की इंजिन बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. मिस्त्रीकडे नेईपर्यंत ती निवालेली असते, म्हणून दोष सापडत नाही. मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो. पैसा जातो, दुखणे राहते.

ताप उतरल्यावर रोगी दाखवावा, तसेच हे झाले. तपासणी गाडी बंद पडल्याक्षणीच व्हावयास हवी. इंजिनाला पेट्रोल व ठिणगी दोन्ही लागतात. त्यांतील काय तुटले, एवढेच प्रथम पाहावयाचे.

गाडी सावलीत, रस्त्याच्या कडेला घ्यावी. रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. उकळते पाणी अंगावर येते. प्रथम पेट्रोलच्या टाकीचे झाकण काढावे. हवा आत शिरल्याचा आवाज झाला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असण्याचा संभव आहे. तेथे उष्णतेला विनाकारण दोष लागतो.

पेट्रोल कोठे गळत नाही ना, त्याचा वास येत नाही ना, हे पाहूनच ठिणगी तपासावी. जवळ ठेवलेला जादा प्लग तारेला जोडून त्याचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवावे, तारेला हात न लावता दुसऱ्याकडून स्टार्टर फिरवावा. ठिणगी निळी व कडक असेल, तर वीज ठीक. पिवळी, अशक्त किंवा मुळीच नसेल, तर कॉइल वा कंडेन्सर यांवर संशय घ्यावा. तापल्यावर त्यांतील इन्शुलेशन कमजोर पडते आणि निवल्यावर ते पुन्हा काम देते. कंडेन्सर स्वस्त, तो आधी बदलून पाहावा.

ठिणगी चांगली असेल, तर पेट्रोलकडे वळावे. पेट्रोलमधील हलके घटक सुमारे ४० अंशांवरच उकळू लागतात. टाकीतून पंपाकडे येणाऱ्या नळीत पंपाच्या ओढीने दाब कमी असतो, म्हणून तेथे वाफ लवकर धरते. पंप द्रव ओढतो. वाफ त्याला नीट ओढता येत नाही. पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवावे. दोन-चार मिनिटांत गाडी सुरू झाली, तर निदान बहुतेक झाले. मग नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर घ्यावी, मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा.

फडके हे औषध नव्हे, ती परीक्षा आहे. भाग बदलण्यापूर्वी ती एकदा करावी, एवढेच माझे सांगणे आहे.